बावीस फुलांची पाटी

आधीच सांगते, मी जे केलं ते जाणूनबुजून केलं. जीभ घसरली, घाईत चुकलं, असलं काही नाही. दृष्टी जात चाललेल्या एका म्हाताऱ्याला मी चाळीस माणसांसमोर तोंडघशी पाडलं आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. पुढचं ऐकून कुणाला माझी दया आलीच, तर त्याने ती स्वतःजवळ ठेवावी.

मी नीला घाग. मालाडच्या एका शाळेत चोवीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे फळ्यापुढे उभं राहून शिकवणार बाई, आणि नळ्या धुणार, बाटल्या भरणार, त्यांच्यावर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवणार मी. आमच्याकडे एक नियम आहे. बाटलीवरच्या चिठ्ठीबद्दल शंका आली की बाटली ओतून टाकायची. आणि फळीवरची एक चिठ्ठी चुकलीय, पण कुठली ते कळत नाही, असं झालं तर अख्खी फळी ओतायची. चोवीस वर्षांत माझ्या हातून एकही चिठ्ठी चुकलेली नाही. हे मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगून टाकते.

रविवारी सकाळी मी मढची बस धरायचे. तिथे एका गावठाणामागे टेकडी आहे. माथ्यावर चुन्याने रंगवलेला क्रूस आहे, म्हणून तिला खुरसाची टेकडी म्हणतात. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत तिथे दर रविवारी फेरी निघते. रानफुलं बघायची, फुलपाखरं ओळखायची, दहा वाजता खाली उतरून चहा प्यायचा. अंधेरीहून, बोरिवलीहून लोक टोप्या घालून आणि गळ्यात कॅमेरे अडकवून येतात. फेरीचे म्होरके जॉनी परेरा. ट्रॉम्बेला तीस वर्षं फिटर म्हणून काम केलेले, एकाहत्तर वर्षांचे, याच गावठाणातले. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो.

फेरीची पद्धत ठरलेली होती. ज्याला काही दिसेल त्याने "थांबा" म्हणायचं. सगळे थांबायचे. अंकल पुढे होऊन फुलापाशी वाकायचे, डोळे मिटायचे, जरा वेळ घ्यायचे आणि मग नाव सांगायचे. आधी पुस्तकातलं, मग गावातलं. गावातली नावं त्यांना त्यांच्या आईने शिकवलेली. ती बाई टेकडीवर गवत कापून मालाडच्या तबेल्यांना विकायची आणि हा पोरगा भारा बांधायला तिच्याबरोबर असायचा. ती नावं कुठल्याच पुस्तकात नव्हती. गावठाणातल्या तरुण पोरांना तर सगळंच गवत. त्यामुळे अंकलनी डोळे उघडून "मरियेची नथ" म्हटलं की लोक टाळ्या वाजवायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी त्यांच्या अगदी मागे चालत होते. बाकीचे बरेच मागे राहिले होते. अंकल थांबले, कडेच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ सोनकी. यंदा लवकर आली."

मी बघितलं. "अंकल, ते वेफरचं पाकीट आहे."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल."

मग तिथेच, मागचे लोक येईपर्यंत, त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांतलं मधोमधचं दिसणं चाललं होतं. कडेकडेचं दिसायचं. "तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाय," ते म्हणाले. डॉक्टरने सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही. हे त्यांनी घरीदेखील सांगितलं नव्हतं. घरी म्हणजे त्यांची मुलगी जेनिस. आदल्या वर्षी ते टेकडीवर पडले आणि हात मोडला, तेव्हाच तिने बजावलं होतं की आणखी एकदा काही झालं की टेकडी बंद.

"बायको गेली, नोकरी गेली. रविवार तेवढा हाय मना," अंकल म्हणाले. "जेनिसला बोलू नको, गो."

मी नाही बोलले. उलट त्यांचे डोळे झाले.

आमची एक रीत बसली. मी त्यांच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे चालायचे. कुणी "थांबा" म्हटलं की ते वाकायचे, मी पण वाकायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे. आधी आकार, मग रंग, मग कड, मग ठिपके, मग बसलंय कशावर. नेहमी याच क्रमाने, प्रयोगवहीत लिहितात तसं. ते डोळे मिटून ऐकायचे. लोकांना वाटायचं, अंकल आठवतायत. मला एकाही फुलाचं नाव धड येत नव्हतं. पण पाकळीच्या बुडाशी जांभळी रेघ आहे की दोन आहेत, ते माझ्याइतकं बारीक कुणी बघत नव्हतं. त्यांनी मला कधी दुसऱ्यांदा बघायला लावलं नाही. मी सांगितलं की त्यांचं नाव ठरलं.

दोन पावसाळे असे गेले. खोटं कशाला बोलू, ते माझे चांगले दिवस होते. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचे. पण टाळ्या त्यांना पडायच्या. फोटो त्यांचे निघायचे. चहाच्या वेळी लोक त्यांच्याभोवती कोंडाळं करायचे आणि मला सांगायचे, मॅडम, जरा सरकता का. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तरी मी मूग गिळून होते, कारण त्यांनी मला एक शब्द दिला होता.

गावठाणातलं मंडळ टेकडीच्या पायथ्याशी एक मोठी पाटी लावणार होतं. टेकडीवरची बावीस फुलं, प्रत्येकाचा फोटो, पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव. फोटो मीच काढलेले. "खाली दोघांची नावं," अंकल म्हणाले होते. "जॉनी परेरा आणि नीला घाग." मी ते घरी जाऊन कागदावर लिहूनसुद्धा बघितलं होतं. बावन्न वर्षांत माझं नाव हजेरीपुस्तक सोडून कुठे लागलेलं नव्हतं. हसू आलं तर हसा.

गेल्या ऑक्टोबरात मंडळाचा सेक्रेटरी डेन्झिल याने मला मोबाइलवर पाटीचा नमुना दाखवला. नावांचा रकाना अजून भरायचा होता, पण खालची ओळ तयार होती. 'माहिती व मार्गदर्शन : जॉनी परेरा.' बस्स.

मी अंकलना बाजूला घेतलं. "माझं नाव?"

"तुझं नाव टाकलं तर लोक विचारतील, हिनं काय केलं? मग मी काय सांगू?"

"सांगा, हिने बघितलं."

ते हसले. वाईट हेतूने नव्हे, तेच जास्त लागलं. "बघायला काय, गो? डोळे तर सगळ्यांनाच असतात."

बसने घरी आले, भात टाकला, जेवले. ज्याचे डोळे चाललेत तो मला सांगतो, डोळे तर सगळ्यांनाच असतात.

पुढच्या रविवारी मोसमातली सगळ्यात मोठी फेरी होती. चाळीसेक माणसं. फेरीनंतर मंडळ अंकलना शाल देणार होतं, म्हणून जेनिस पहिल्यांदाच टेकडीवर आली होती. उंच, अबोल, बापाच्या मागे दोन माणसं सोडून चालत होती. अंकलनी पांढरा शर्ट घातला होता. मी नेहमीच्या जागी होते, डावीकडे, अर्धं पाऊल मागे.

क्रुसाच्या अलीकडे निधी नावाची एक कॉलेजातली मुलगी "थांबा" म्हणाली. तिच्याकडे हातभर लांबीचा कॅमेरा होता. कुर्डूच्या तुऱ्यावर एक केशरी फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं. सगळे गोळा झाले. अंकल वाकले. मी वाकले.

इथे थोडं समजून घ्यायला हवं. बिबळ्या रुईकर नावाचं एक फुलपाखरू आहे. केशरी रंग, काळी कड, टोकाशी पांढरा पट्टा. त्याची अळी रुईची पानं खाते, म्हणून ते कडू असतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसरं एक आहे, छोटा चांदवा. ते कडू नाही, पण त्याची मादी हुबेहूब रुईकरसारखी दिसते, तेवढ्यावर तिचा जीव वाचतो. दोन्हींत मुख्य फरक एकच. रुईकरच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला ते नसतात. हे मला अंकलनीच शिकवलं होतं. "ठिपके बघ, गो," ते म्हणायचे, "बाकी सगळं फसवतं."

माझ्यासमोर बसलेल्या फुलपाखराला ठिपके नव्हते. पंख स्वच्छ होते.

मी हलक्या आवाजात सांगितलं, "मध्यम. केशरी. काळी कड, टोकाला पांढरा पट्टा. मागच्या पंखावर चार ठिपके. कुर्डूवर."

अंकलनी डोळे मिटले. मग ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बिबळ्या रुईकर." त्याच्या कडूपणाची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निधी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होती.

"अंकल, पण ठिपके नाहीयेत ना," ती म्हणाली. "मी झूम केलंय. ही चांदव्याची मादी आहे."

दोघाचौघांनी तिच्या कॅमेऱ्यात डोकावलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? "हो यार, नाहीच आहेत," कुणीतरी म्हणालं.

अंकलनी मग ती चूक केली. दोन वर्षं आमच्यात जे कुजबुजत चाललं होतं, ते त्यांनी सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं.

"नीला, ठिपके हाईत ना?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. अंकलही माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाकडे. मी तेव्हाही सावरू शकले असते. माझंच चुकलं, ऊन डोळ्यांवर होतं, एवढं म्हणायला काय लागत होतं?

मी म्हटलं, "अंकल, तुम्हीच बघा ना."

ते वाकले. नाक तुऱ्याला लागेल इतके वाकले. मान या बाजूला कलती केली, मग त्या बाजूला. फुलपाखरू ते वाकायला लागतानाच उडून गेलं होतं. आम्हा सगळ्यांना ते दिसलं होतं. अंकल रिकाम्या कुर्डूकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि म्हणाले, "हां. बरोबर. नाय ठिपके."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. जेनिस पुढे आली. "पप्पा," ती म्हणाली, "तिथे काहीच नाही." तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली घेऊन गेली. इतकी वर्षं त्या उतारावर त्यांना कुणी हात धरून उतरवलं नव्हतं. शाल दिलीच, आणलेली होती म्हणून. डेन्झिलने ती खांद्यावर घातली आणि नारळ पुढे केला, तर अंकलचा हात नारळाच्या बाजूने हवेतच गेला. ते मी बघितलं. पण मी घरी येऊन व्यवस्थित जेवले, हेही खरं आहे.

त्यांची टेकडी त्या दिवसापासून बंद झाली. जेनिस फाटकाला आतून कडी घालायला लागली. फेरी कुणी न्यायची असा प्रश्न आला, तेव्हा डेन्झिल म्हणाला, नीला मॅडम आहेतच की, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होत्या. पाटीचं कामही माझ्याकडे आलं. पुस्तकातली बावीस नावं मी पुस्तकं चाळून, दहा जणांना विचारून नक्की केली. गावातल्या नावांचा रकाना मात्र कोराच होता. टाळ्यांच्या नादात ती नावं कुणीच कधी लिहून घेतली नव्हती. मीसुद्धा नाही. माझं काम बघायचं होतं.

नोव्हेंबरात मी लाज गुंडाळून त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पावलांवरूनच त्यांनी मला ओळखलं.

"ये, नीला. बस."

मी माफी मागायचं ठरवून गेले होते. सांगितलं पाटीचं. ते रागावतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सांग. पहिलं फूल."

मी सांगायला लागले. आकार, रंग, कड, ठिपके, उगवलंय कुठे. ते डोळे मिटून ऐकत होते. तेरड्याचं वर्णन केलं, ते म्हणाले, "मरियेची नथ." कळलावीला म्हणाले, "आगीचा कोंबडा." पेवाला, "पाद्रीची टोपी." कुर्डूला, "घोवाची मिशी," म्हणजे नवऱ्याची. बावीसच्या बावीस, कुठेही न अडखळता. जेनिसने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

"आज सगळं नीट सांगितलंस," शेवटी अंकल म्हणाले. "पाटीवर नाव कुणाचं?"

"मंडळ म्हणतंय, माझं."

"बरोबर हाय. तूच बघितलंस."

मी रडले. बसमध्ये खिडकीशी बसून रडले. केवढा मोठा माणूस आणि मी काय केलं, असं वाटून रडले. पण पाटीवर त्यांचंही नाव टाका, असं मी डेन्झिलला सांगितलं नाही.

जानेवारीत पाटी लागली. आठ फूट लांब, पत्र्याची, वर काच. खाली मोठ्या अक्षरात, 'माहिती व संकलन : नीला घाग.' उद्घाटनाला अंकल आले, जेनिसचा हात धरून, तीच शाल घेऊन. त्यांना पाटीसमोर खुर्ची दिली. ते म्हणाले, "नीला, वाचून दाखव. सगळी."

मी वाचली. असा आवाज माझा मलाच माहीत नव्हता. बावीस नावं, एकेक करून. गावठाणातल्या दोन म्हाताऱ्या पुढे उभ्या होत्या, त्या मध्येच एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, आनंदाने हसतायत. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, यावेळी मला. मी अंकलच्या पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हलक्या आवाजात, मी त्यांना सांगायचे तशाच, सांगितलं.

"एक खोटं हाय."

मला कळलंच नाही. "काय?"

"बावीसातलं एक नाव मी बनवून सांगितलं."

"कुठलं?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. आता त्यांना माझे कानही दिसत नव्हते.

"तूच बघ ना," ते म्हणाले. "डोळे हाईत ना तुना."

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते. आधी त्या हसलेल्या दोन म्हाताऱ्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, आम्ही का हसलो ते आठवत नाही, आणि परत हसल्या. मग मालाडला अंकलची थोरली बहीण एमिलिया राहते, चौऱ्याऐंशी वर्षांची, तिच्याकडे गेले. ती घरी भाकऱ्या थापायची, टेकडीवर कधी गेलीच नव्हती. "जॉनी बोलला तर तेच असेल," ती म्हणाली. जेनिसला फाटकाशी थांबवून विचारलं. ती म्हणाली, "माझे पप्पा खोटं बोलत नाहीत. ते काम दुसऱ्या कुणाचं आहे, तुम्हाला माहीतच आहे." आणि कडी घातली.

मग मला प्रयोगशाळेतली युक्ती सुचली. बनवलेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा सांगताना चुकतो. मी महिनाभराने ओट्यावर जाऊन उलट्या क्रमाने बावीस वर्णनं केली. त्यांनी बावीस नावं सांगितली, जशीच्या तशी. फिटर माणूस, तीस वर्षं मापं डोक्यात ठेवलेली. चहा घेणार का, असंही विचारलं.

घोवाची मिशी खोटं असेल, फारच गमतीचं आहे. की मरियेची नथ? इतकं सुंदर नाव खरं कसं असेल? पण ते तर अंकल फेऱ्यांतही सांगायचे. की मी ते फेऱ्यांत ऐकलंय असं मला आता वाटतं? एखादं साधंसुधं, कुणाच्या लक्षात न येणारं असेल. कदाचित एकही खोटं नसेल आणि खोटं असेल ते फक्त कानात सांगितलेलं वाक्य. कधी कधी रात्रभर हाच हिशेब चालतो.

यंदाचा पावसाळा लागला. फेरी मीच नेते. परवा अंधेरीच्या एक बाई तेरड्यापाशी थांबल्या. "मॅडम, ह्याला गावात काय म्हणतात?" मला बावीस नावं तोंडपाठ आहेत. मी म्हटलं, "खाली पाटीवर आहे, उतरताना बघून घ्या."

उतरताना अंकलच्या घरावरून जावं लागतं. ते ओट्यावर असतात. आता त्यांना काहीच दिसत नाही. माझी पावलं ऐकली की हाक मारतात, "नीला, आज काय काय बघितलं, गो?" आणि मी फाटकाशी थांबते. मागे सगळी माणसं उभी असतात आणि मी सांगते. आकार, रंग, कड, ठिपके. ते डोळे मिटून ऐकतात, नावं सांगतात, लोक टाळ्या वाजवतात. मी फक्त त्यांचं तोंड बघत असते, कुठल्या नावाला ओठ जरा हलतो का ते. अजून एकदाही हललेला नाही.

डेन्झिलला सांगून ती पाटी उतरवता येईल. आमचा नियम तोच आहे, अख्खी फळी ओतायची. दर रविवारी सांगायचं ठरवून जाते. पाटीपुढे उभी राहते, वरपासून वाचत खाली येते, आणि शेवटच्या ओळीवर थांबते. पाटीवरच्या गावठी नावांतलं एकही मी खात्रीने सांगू शकत नाही. खात्रीचं एकच नाव आहे, माझं. म्हणून पाटी अजून तिथेच आहे.